काउटाऊनची शनिवारची संध्याकाळ

न्यू जर्सी म्हटले की आपल्या समाजबांधवांना एडिसन आठवते, तेथील ओळीने मांडलेली भारतीय दुकाने आठवतात. त्याच राज्याच्या दक्षिणेस, सेलम परगण्यात, वुड्सटाऊन नावाचे एक निवांत गाव आहे. भोवती मक्याची शेते, गावात क्वेकर पंथीयांचे अठराव्या शतकातील प्रार्थनागृह, रस्त्यावर तुरळक माणसे. गावाबाहेर महामार्गालगत मात्र काउबॉयचा प्रचंड पुतळा उभा आहे. ते काउटाऊन. येथे 1929 साली रोडिओ सुरू झाला आणि 1955 पासून उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी तो भरतो. “मामा, तुमच्या कॅमेऱ्याला काम आहे,” म्हणत भाच्याने मला तेथे नेले.

खेळ साडेसातला. जुलैत तेथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. म्हणून दशम्या गाडीतच उरकून आम्ही आत गेलो. छायाचित्रासाठीही हाच तास मोलाचा. तिरपे ऊन, उडणारी धूळ, उन्हात तांबूस झालेल्या घोड्यांच्या पाठी. शटरचा वेग एक सहस्रांश सेकंद ठेवला.

उसळत्या घोड्यावर एका हाताच्या पकडीने आठ सेकंद टिकायचे. मोकळा हात कोठेही लागता कामा नये. शंभर गुणांपैकी पन्नास जनावराच्या उसळीचे! निम्म्याची भागी झाली, पण भागीदाराची संमती कोणी घेतली? घोड्याच्या मागच्या पायांपुढे पट्टा आवळलेला असतो, तो झटकण्यासाठी तो अधिकच उसळतो. पट्ट्याला आतून मऊ लोकर असते, हे रोडिओवाले आवर्जून सांगतात.

मग वासरे आली. वासरू सुटून धावते, स्वार फास टाकतो, घोडा जागीच थबकतो. स्वार उतरून वासराला आडवे पाडतो आणि त्याचे तीन पाय बांधतो. त्यानंतर सहा सेकंद गाठ टिकली की कामगिरी ग्राह्य. सारे इतके झटपट होते की डोळ्यांना केवळ चपळाई दिसते. टाळ्या मीही वाजवल्या. नंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले, तर वासराचे चारही पाय अधांतरी, मान दोरीने मागे ओढलेली, जीभ बाहेर.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार लहानपणी पाठशाळेत पाठ केले होते: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पहिलाच बंध. आणि दोष कृत, कारित, अनुमोदित असा तिन्ही प्रकारे लागतो. तिकिटाचे पैसे मीच दिले होते.

“आपल्याकडे बैलगाडा शर्यती नाहीत का, मामा?” भाच्याने विचारले. आहेत. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या आणि 2023 साली त्याच न्यायालयाने राज्याचा नवा कायदा ग्राह्य धरला. मला उत्तर सुचले नाही. भाच्याच्या मुलीने पडदा पाहून एवढेच विचारले, “आजोबा, याला लागलं का?” वासरू उठून चालत गेले, असे मी सांगितले. ते खरेही होते. तिने पुन्हा चित्राकडे पाहिले.

बैलांचा खेळ शेवटी, दिव्यांच्या उजेडात होतो. त्यासाठी आम्ही थांबलो नाही.

आमच्या पेढीच्या दिनदर्शिकेसाठी दरवर्षी माझी छायाचित्रे निवडतात. या वर्षी पिंपांना वळसे घालणारी घोडेस्वार युवती निवडली गेली. वासराचे चित्र त्याहून कितीतरी सरस उतरले आहे. ते मी कोणाला दाखवले नाही. पुसूनही टाकलेले नाही.