अवघड जागेचं दुखणं

'अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण ऐकली की सगळेच हसतात. तिच्यातली मेख अशी की त्रास दुखण्याचा नाहीच, सांगण्याचा आहे. पण पुढे त्या दुखणाऱ्या माणसाचं काय झालं, ते म्हण सांगत नाही! मला गेली चार वर्षं नेमकं असंच दुखणं आहे. जावई नाही, लेक अजून शिकतेय. पण म्हणून सांगणं सोपं झालं असं मुळीच नाही.

तर दुखणं काय? खुर्चीत बसलं की दहा मिनिटांत खाली जळजळ सुरू. लिंबावर बसलोय असं वाटायचं. माकडहाडापासून पार पुढपर्यंत, आणि तेही एकाच बाजूला. उभं राहिलं की कमी, आडवं झालं की जवळजवळ बंद. रात्री झोप छान लागायची. सकाळी वाटायचं, गेलं एकदाचं. दुपारच्या चहापर्यंत स्वारी परत हजर! आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे खुर्चीत बसवत नसे, पण कमोडवर बसलं की बरं वाटे. आता हे कुणाला सांगणार?

बँकेतली नोकरी, म्हणजे दिवसभर बसणं आलंच. डॉक्टरांना सांगितलं, 'खालच्या बाजूला दुखतं'. त्यावर पुढचा प्रश्न आला नाही. लघवीचं कल्चर झालं, सोनोग्राफी झाली, कमरेचा एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. एकांनी तर 'या वयात होतं असं, टेन्शन घेऊ नका' असा सल्लाही दिला. नॉर्मल रिपोर्टचा आनंद व्हायला हवा ना? पण दुखत असताना नॉर्मल रिपोर्ट हातात येणं म्हणजे आपणच खोटं बोलतोय असं वाटायला लागतं.

चौथ्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, 'बसल्यावर वाढतं का?' आणि दुसरा, 'कमोडवर?' मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

या दुखण्याला प्युडेंडल न्यूराल्जिया म्हणतात. मणक्याच्या तळाशी जे त्रिकोणी हाड असतं, तिथल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुळांपासून ही नस निघते. आपण ज्यावर बसतो त्या हाडांच्या वरच्या अंगाला दोन चिवट पट्ट्यांच्या फटीतून ती जाते आणि मग अल्कॉकच्या नळीत शिरते. बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीररचनातज्ज्ञानं १८३६ साली या नळीचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. इतक्या अडचणीच्या वाटेवर नस कुठेतरी दाबली किंवा चिडली, की बसणं म्हणजे तिच्यावरच बसणं! पण खरी गंमत तिच्या नावात आहे. 'प्युडेंडल' शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, आणि तिथे त्याचा अर्थ 'जिची लाज वाटावी ती'. म्हणजे आपली म्हण एकटी नाही. युरोपातल्या वैद्यांनीही हेच केलं, फक्त लॅटिनमध्ये.

ही लाज महागात पडते, कारण हे दुखणं फोटोत दिसत नाही. फ्रान्समधल्या नाँत शहरातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं निदानाचे निकष ठरले, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पाच मुख्य गोष्टी आहेत. दुखणं त्या नसेच्या हद्दीतलं असावं. बसल्यावर वाढावं. रात्री त्यानं झोपमोड होऊ नये. तपासताना त्या भागाचा बधिरपणा आढळू नये. आणि नसेपाशी भूल देणारं इंजेक्शन दिल्यावर दुखणं तेवढ्यापुरतं थांबावं. बघा, यात एमआरआय कुठेच नाही. (तो लागतो, पण गाठीबिठीसारखं दुसरं कारण नाही ना हे बघायला.) पहिल्या तीन गोष्टी तर निव्वळ बोलण्यातून कळतात. आणि बोलायचं कशाबद्दल, तर जिचं नावच लाज आहे तिच्याबद्दल!

उपचारांचं म्हणाल तर एकच रामबाण असं काही नाही. मला रात्री अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन दिलं. दुखण्याची धार बोथट झाली, पण तोंड कोरडं आणि सकाळी डोक्यात धुकं. गॅबापेंटिनही अनेकांना देतात. ब्रिटनमध्ये ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याच्या ३०६ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला. ज्यांच्या दुखण्याचं कारण सापडलं नव्हतं अशा या स्त्रिया. नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग दिसला नाही, त्रास मात्र जास्त. नसेचं दुखणं थोडं वेगळं, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा इथे लावता येत नाही. पण गोळीवर सगळी भिस्त ठेवू नये एवढं मला त्यातून कळलं.

मला खरा फरक पडला तो हातांनी. म्हणजे फिजिओथेरपीनं. पण ही नेहमीची शेक आणि व्यायामवाली नव्हे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, तिच्यावर काम करणारी. त्यातलं काही काम बाहेरून, आणि काही हातमोजा घालून, एका बोटानं, आतून. लिहिताना आजही अवघडायला होतं, पण लिहायलाच हवं. माझी फिजिओ तिशीतली मुलगी. प्रत्येक पायरीआधी विचारायची, 'काकू, चालेल? थांबू का?' थांब म्हटलं की थांबायची. ही विचारणा उपचाराचाच भाग आहे. जिथे ती नसेल, तिथून सरळ उठून यावं.

पहिल्याच वेळी तिनं आतल्या बाजूचा एक स्नायू दाबला, आणि तीच जळजळ, तीच वाट, अगदी तसंच! अल्कॉकची नळी याच स्नायूला लगटून जाते. 'हेच का?' तिनं विचारलं. मला रडू आलं. दुखलं म्हणून नव्हे. एवढ्या रिपोर्टांनी जे नाही म्हटलं, त्याला एका बोटानं हो म्हटलं होतं.

मग ती तिथे हलकेच दाब देऊन थांबायची. 'काकू, जबडा सोडा. श्वास पोटात जाऊ द्या.' श्वास घेताना पडदा खाली येतो, त्याबरोबर ही झोळीही खाली उतरते. मिनिटभरानं गाठ लोण्यासारखी नाही, पण गारठलेल्या तुपासारखी तरी सैल व्हायची. बायकांच्या कुठल्याही तक्रारीवर 'स्नायू आवळायचे व्यायाम करा' हा सल्ला ठरलेला असतो. माझे स्नायू आधीच मुठीसारखे आवळलेले होते. मूठ आणखी आवळून हात कसा मोकळा होणार?

हातांच्या या कामाची परीक्षाही झाली आहे. उत्तर अमेरिकेत मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याच्या ८१ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे आकडे २०१२ मध्ये आले. स्नायूंवर नेमकं काम केलेल्या गटात ५९ टक्क्यांना बरं वाटलं, सर्वांगाच्या साध्या मसाजच्या गटात २६ टक्क्यांना. दुखणं सख्खं नाही, चुलत आहे. पण दिशा कळते.

शस्त्रक्रियाही आहे. नाँतच्याच डॉक्टरांनी ३२ रुग्णांवर तुलना केली, २००५ मध्ये छापली. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ७१ टक्के सुधारले, दुसऱ्यात १३. आकडा मोहात पाडतो, पण ती मंडळी नस अडकल्याची खात्री झालेली, आणि बाकीचे उपाय थकलेली. माझ्यावर ती वेळ आलेली नाही.

आज मी तासभर बसू शकते. मधून कापलेली उशी सोबत असते. बँकेत उभ्यानं काम करायला उंच टेबल मिळालं. नाटकाला शेवटच्या रांगेच्या मागे उभी राहते. बरी झाले म्हणू? नाही. पण दुखण्याची हद्द कळली आहे.

मध्यंतरी मोठ्या जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'म्हणून तू उभ्यानं जेवतेस होय? मला वाटलं वजन कमी करायचं नवीन खूळ!' हसून झाल्यावर जरा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, 'कमोडवर बरं वाटतं, असं म्हणालीस ना?'

म्हणून हे लिहिलं. असा त्रास असेल तर डॉक्टरांना एवढंच सांगा: बसल्यावर वाढतं, उभं राहिल्यावर कमी होतं, रात्री झोपमोड होत नाही, कमोडवर बरं वाटतं. (बधिरपणा असेल, लघवी अडत असेल किंवा ताबा सुटत असेल, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी गाठा.) या चार वाक्यांत एकही शब्द लाजण्यासारखा नाही. अगदी जावयालासुद्धा सांगता येतील.