हरभरा कोरपन्याचा, टेबल फोर्टातले

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणे आमच्या घरी सहसा चुकत नाही. कोरपन्याहून गडचांदूर, राजुरा करीत चंद्रपूर, तिथून वर्धा आणि वर्ध्याहून मुंबईची गाडी. वंदन झाले की त्याच वाटेने परत, असा आजवरचा शिरस्ता. गेल्या खेपेस मात्र भाच्याला मुंबईत नोकरी लागलेली होती. तो म्हणाला, "मामा, मामी, दोन दिवस जास्त राहा. तुम्हाला फोर्ट दाखवतो."

फोर्ट म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे चंद्रपूरचा परकोट आला. गोंड राजांची ती दगडी भिंत आणि जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे चार दरवाजे अजून उभे आहेत. मुंबईचा किल्ला मात्र नावापुरता. इंग्रजांनी १८६०च्या दशकात तटबंदी पाडली, तिच्याबरोबर तिन्ही वेशी गेल्या. चर्चगेट हे नाव तेवढे स्टेशनाला उरले. आता तिथे जुन्या दगडी इमारती, कमानी, बँका आणि हाटेले.

त्यातल्या एका हाटेलात भाचा आम्हा दोघांना ५ तारखेला संध्याकाळी घेऊन गेला. नाव इथे देत नाही. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांचे, म्हणजे लेबनॉन, तुर्कस्तान, ग्रीस इकडचे जेवण तिथे मिळते. दारावरच्या माणसाने हसून आत घेतले, खिडकीजवळचे टेबल दिले. भाच्याच्या अंगावर कचेरीचे कपडे होते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

पहिली ताटली आली ती हमसची. पांढरट, मऊ, वरून तेल सोडलेले. चाखले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. अहो, हा तर हरभरा! काबुली चणा शिजवून वाटायचा, त्यात तिळाचे वाटण, लसूण, लिंबू घालायचे, झाला हमस. सोबत पिटा नावाची फुगलेली रोटी. फलाफल म्हणजे चणे भिजवून, वाटून, तळलेले वडे. इजिप्तमध्ये तेच वडे बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांचे करतात. जैतुनाची खारवलेली फळे मात्र आम्हाला जमली नाहीत. एक तोंडात घातले ते हळूच कागदात काढून ठेवले. चव एकंदरीत चांगली होती, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण हमसच्या एका ताटलीला साडेचारशे रुपये! दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला आमच्याकडे तेवढे मिळत नाहीत. आणि हरभरा आमच्याच रानात पिकतो.

तरी वाटले, आईला हे दाखवावे. म्हणून ७ तारखेला सगळे सहाजण निघालो. आधी दादाभाई नौरोजी रस्त्यावर आनंद भवन आणि बुद्ध भवन पाहिले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, त्याच्या ह्या इमारती. आई पायरीला हात लावून बराच वेळ तशीच उभी होती. तिची पांढरी साडी प्रवासात चुरगळलेली, आमच्या गळ्यात निळे रुमाल, हातात दादरला घेतलेल्या पुस्तकांची पिशवी. तसेच हाटेलाच्या दारात गेलो.

माणूस तोच. पण आज हसला नाही. "सगळी टेबले बुक आहेत." आत चार टेबले रिकामी दिसत होती. भाच्याने विचारल्यावर थांबायला सांगितले. वीस मिनिटे आम्ही फुटपाथवर उभे. आमच्यामागून आलेले तिघे आत गेले. मग आम्हाला बसवले ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. भाचा तापला, मॅनेजरला बोलावले. तो आला, "सॉरी" म्हणाला, खिडकीकडचे टेबल देऊ लागला. आई उठलीच नाही. म्हणाली, "राहू दे बाबू. आमच्या येळी हाटेलात कप येगळा होता, आता खुर्ची येगळी. आपन इथंच खाऊ, पुरे पैसे देऊन."

आईच्या लहानपणी गावच्या चहाच्या टपरीवर आपल्या माणसांचे कप बाहेर खांबाला टांगलेले असत. पिऊन झाले की स्वतः विसळून पुन्हा टांगायचे. फोर्टात आम्हाला जात कुणी विचारली नाही, हे खरे. कदाचित नुसते कपडे पाहिले असतील. पण वीस मिनिटे उभे राहताना मनात जे येते, ते आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

वाढणारा पोरगा मात्र लाख माणूस. ओडिशाचा होता. आईला दात नाहीत हे पाहून त्याने पिटा गरम करून, मऊ तुकडे करून आणला, न मागता दुसरा दिला. त्याच्यासाठी आईने कनवटीचे वीस रुपये वेगळे काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रो सिनेमासमोर कयानीत गेलो. १९०४ सालचे हे इराणी हाटेल. इराणातून आलेल्या ह्या झरथुष्ट्री लोकांनी मुंबईत चाळकरी, गिरणी कामगार, कारकून अशा सगळ्यांना एका छपराखाली चहा पाजला. ब्रून-मस्का चहात बुडवून आईने पोटभर खाल्ला. त्याच धर्माच्या बडोद्यातल्या पारशांनी १९१७ साली काठ्या घेऊन बाबासाहेबांना धर्मशाळेतून बाहेर काढले होते. ती हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. एकाच समाजाची ही दोन दारे. भाच्याला हे ठाऊक नव्हते. तो बराच वेळ गप्प बसला.

घरी आल्यावर आम्ही हमस केला. भगिनींसाठी सांगतो : दोन वाट्या काबुली चणे रात्रभर भिजवून मऊ शिजवावेत. अर्धी वाटी तीळ किंचित भाजून बारीक वाटावेत. चार लसूण पाकळ्या, एका लिंबाचा रस, मीठ आणि चण्याचेच थोडे पाणी घालून सगळे एकजीव करावे. जैतुनाचे तेल कोरपन्यात कुठून मिळणार? आम्ही जवसाचे सोडले, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ले. शेजारच्या काकूंना वाटीभर दिले. त्यांनी बोटाने चाटून पाहिले आणि विचारले, "पिठलं थंडं कावून देऊन राहिली व बाई?"