डोमखेडी, यॉर्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावर

सॅन फ्रान्सिस्को

ती. सुमनआत्यास,


गुडघ्याचं बाबांनी फोनवर सांगितलं. डॉक्टर म्हणतील तसं कर आणि गच्चीवर पापड वाळत घालायला स्वतः जाऊ नकोस.

पत्राचं कारण वेगळं आहे. इथल्या मिशन वस्तीत भिंतींवरची चित्रं बघायला गेलो होतो. मेक्सिको, एल साल्वादोर, निकाराग्वा अशा देशांतून आलेल्या कुटुंबांनी वसवलेला हा भाग. तिथे चोविसाव्या रस्त्याला यॉर्क स्ट्रीट मिळतो, त्या कोपऱ्यावरच्या इमारतीची अख्खी भिंत निळी आहे, आणि त्या निळ्यात आपली नर्मदा आहे. धरणाच्या चढत्या पाण्यात उभी राहिलेली माणसं. मला एकदम १९९९ सालचं आपलं घर आठवलं. तू सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या डोमखेडीच्या सत्याग्रहाला जाऊन आली होतीस आणि पाटबंधारे खात्यातले बाबा तुझ्याशी आठवडाभर धड बोलत नव्हते. आई बिचारी दोघांना वेगवेगळं वाढायची.

चित्र हुआना अलिसिया या चित्रकर्तीचं, २००४ सालचं. त्यात आहे ‘ला योरोना’, मेक्सिकोकडची दंतकथा: पोटची मुलं नदीत बुडवली आणि मग काठाकाठानं रडत फिरते अशी बाई. मुलांना अंधारात पाण्याकडे जाऊ नये म्हणून सांगायची गोष्ट. हुआनाबाईंनी तिच्याभोवती जगभरच्या बायका गोळा केल्यात. मेक्सिकोच्या सीमेवरच्या हुआरेस शहरात बायकांचे खून होत राहिले आणि तपास लागला नाही, त्याचा जाब विचारणाऱ्या काळ्या कपड्यांतल्या बायका. बोलिव्हियातल्या कोचाबांबाचे लोक, ज्यांनी २००० साली पाण्याचं खासगीकरण आंदोलन करून उलटवलं. आणि आपले नर्मदाकाठचे. कोचाबांबाच्या पाण्याचा ठेका घेणाऱ्या कंपनीमागे बेक्टेल होती, आणि बेक्टेलचं मुख्यालय तेव्हा याच शहरात होतं. म्हणजे बाईंनी दूरच्या लोकांबद्दल नुसती हळहळ व्यक्त केलेली नाही, गावातल्या सावकाराचं नाव गावच्या चावडीवर घेतलंय. मला ते फार आवडलं.

याच भिंतीवर आधी त्यांचंच १९८३चं चित्र होतं, सॅलडची पानं तोडणाऱ्या शेतमजूर बायकांचं. अंगावर कीटकनाशकं झेलत केलेली ती मजुरी बाईंनी स्वतः केलेली. भिंतीला ओल आली, रंग सुटला. डागडुजी करत बसण्याऐवजी त्यांनी नवं चित्र काढलं, आणि विषय घेतला पाणी! हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

जवळच बाल्मी ॲली आहे. तिला बोळच म्हणायचं. गाड्या ठेवायच्या खोल्यांची दारं, मागची कुंपणं, कचऱ्याचे डबे. इथे १९७२च्या सुमारास मुलांना हाताशी धरून रंगकाम सुरू झालं. १९८४ साली रे पात्लान यांच्या पुढाकारानं बरेच चित्रकार एकत्र आले आणि मध्य अमेरिकेतल्या युद्धांवर, अमेरिकेच्या तिथल्या ढवळाढवळीवर बोळभर चित्रं काढली. मी बघत उभा असताना एका दाराचं शटर वर गेलं. चित्रातल्या बाईचं कपाळ, मग डोळे, मग हनुवटी असं सगळं छताकडे सरकत गेलं, आतून एक जुनी गाडी निघाली, शटर खाली आलं आणि बाई पुन्हा होती तिथे. चालवणाऱ्या आजोबांनी मला हात केला तो ‘बाजूला हो’ या अर्थी.

ही चित्रं टिकतात ती कुणीतरी राबतं म्हणून. सुसान आणि लुईस सर्व्हांतेस या जोडप्यानं १९७७ साली ‘प्रेसिता आइज’ ही संस्था काढली. तिथे चित्र एकट्याचं नसतं. वस्तीतली माणसं जमतात, काय हवं ते सांगतात, कागदावर रेघोट्या मारतात, त्यातून मसुदा ठरतो. मग चौकटी पाडून तो भिंतीवर मोठा करायचा. ऊन रंग खातं, कुणी वर स्प्रे मारून जातं. की पुन्हा शिडी लावायची. अठराव्या रस्त्यावरच्या विमेन्स बिल्डिंगवर १९९४ साली सात बायकांनी मिळून केलेलं मोठं काम आहे. त्या सातांत एक मीरा देसाई. नाव वाचून मी उगाचच खूश झालो.

एक गोष्ट मात्र खुपली. चित्रं आहेत, पण ज्यांनी ती करवून घेतली त्यांतल्या किती घरांना आता इथलं भाडं परवडतं? आमच्यासारख्या संगणकवाल्यांच्या पगारांनी भाडी कुठल्या कुठे नेली. २०१४ साली शहरानं चोविसाव्या रस्त्याच्या भागाला लॅटिनो सांस्कृतिक परिसर म्हणून मान्यता दिली. पाटी लागली म्हणून घरमालक भाडं कमी करत नाही. महाराष्ट्रातली ३३ गावं सरदार सरोवरात गेली, तेव्हा बाबा म्हणायचे, ‘नुकसानभरपाई दिलीय ना!’ इथे घर सोडणाऱ्याच्या नशिबी पुष्कळदा तेवढंही नसतं.

फोटो नितीनच्या फोनवर पाठवलेत, तुझ्या फोनवर ते नीट उघडत नाहीत. मोठे करून बघ. हुआनाबाईंनी ही नर्मदाकाठची माणसं बहुतेक फोटोंवरून रंगवली असावीत. तू त्यांच्यात राहून आलीस. पेहराव, पाण्यात उभं राहायची ढब, तिथल्या माणसांसारखं वाटतं का ते कळव. बाबांनाही दाखव, पण जेवणानंतर.

तुझा,
मंदार