बारा पायांचा प्राणी

१९७७ साली आम्ही सिरोंच्याला होतो. काळेश्वरला जायचं तर गोदावरीच्या काठावर नावेची वाट बघत बसावं लागे. अशाच एका दुपारी बाबा म्हणाले, "प्राणहितेपल्याड पोचमपल्लीला डायनोसॉरची हाडं निघालीत. बारापासॉरस म्हणतात त्याला."

बारा पाय! घरी येताच मी वहीत गोमेसारखा एक राक्षस काढला. खात्री करायला हाताशी ना पुस्तक, ना जाणकार. वर्गात वही फिरली आणि आठवडाभर मी मोठा शास्त्रज्ञ होतो.

खरी गोष्ट पुष्कळ वर्षांनी वाचली. 'बारा' म्हणजे 'बडा', आणि बंगालीत 'पा' म्हणजे पाय. मांडीचं हाडच जवळपास माणसाच्या उंचीचं, म्हणून हे नाव. १९६१ साली, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मोठं उत्खनन झालं म्हणून पुढे 'टागोराय' जोडलं. किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे तीनशे हाडं निघाली, दगड झालेल्या झाडांच्या खोडांसोबत. मी गोम रंगवत होतो त्याच वर्षी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याचा सांगाडा उभा राहत होता.

आता गोदावरीवर पूल आहे. नावेतल्या गप्पांना वेळच उरत नाही. माझ्या आठ वर्षांच्या नातवाला टी-रेक्सपासून ट्रायसेराटॉप्सपर्यंत सगळे तोंडपाठ. आपल्या दाराशी निघालेला हा मात्र त्याच्या यादीत नव्हता.

"आजोबा, याला शिंगं होती?"

"नाही रे. लांब मान, लांब शेपूट आणि एवढ्या देहाच्या मानाने सडपातळ पाय. दात चमच्यासारखे, कडांना जाड दाते, पाला ओरबाडायला. पुढच्या काळातल्या अजस्र शाकाहाऱ्यांच्या मणक्यांत खोल पोकळ्या असायच्या. याचे मणके त्यामानाने भरीव. त्या कुळातल्या अगदी जुन्यांपैकी हा."

त्याने कागद ओढला. चार पाय, शेपूट, मान काढून झाली आणि पेन्सिल थांबली. "डोकं कसं होतं?"

"कवटी सापडलेलीच नाही."

त्याने मोबाइलवर शोधून पाहिलं. तिथे तऱ्हेतऱ्हेची डोकी होती, सगळी अंदाजाची. मग त्याने मानेवरची जागा कोरीच ठेवली आणि कागद माझ्या हातात दिला.

माझ्या चित्रात आठ पाय जास्त होते. त्याच्या चित्रात एक डोकं कमी आहे.