नोंदवहीतले नाव

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले, की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक टाकून देणाऱ्यांचा आणि दुसरा जपून ठेवणाऱ्यांचा. पहिल्या पक्षाच्या पुढारी अर्थातच आमच्या सौभाग्यवती. दुसऱ्या पक्षात मी एकटाच. यंदाही माळ्यावरची जुनी ट्रंक खाली आली आणि "अहो, यातलं काय ठेवायचं ते आजच्या आज सांगा, उद्या रद्दीवाला यायचाय," असा निर्वाणीचा खलिता मला मिळाला. मी ट्रंकेपुढे मांडी ठोकून बसलो. जुन्या गुणपत्रिका, वक्तृत्वस्पर्धेचे एक प्रशस्तिपत्र, वडिलांची आंतर्देशीय पत्रे, आणि त्या साऱ्यांच्या तळाशी घडी घातलेला एक पिवळा कागद. वसतिगृहाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला.

तो कागद हातात धरून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. शेजारचे वकीलसाहेब आत येऊन खुर्चीवर बसले, तेव्हा मी भानावर आलो.

"प्राध्यापक, एक शब्द हवाय," ते म्हणाले. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत त्यांना डी.एन.ए. तपासणी आणि कायदा या विषयावर बोलायचे होते. "डेटा बँकेला चांगला मराठी शब्द सांगा. विदापेढी म्हणू का?"

मी मराठीचा मास्तर. शब्द समोर आला, की तो उलटासुलटा करून पाहायची खोड. म्हणालो, "पेढी नको. पेढीवर माणूस स्वखुशीने ठेव ठेवतो आणि हवी तेव्हा काढून घेतो. तुमच्या या पेढीत माणसाची ठेव ठेवतो पोलीस, आणि ती काढायची तर अर्ज त्या माणसाने करायचा. हिला नोंदवही म्हणा."

वकीलसाहेब हसले. पण आमचे चिरंजीव, जे अकरावीला शास्त्र शाखेत आहेत आणि म्हणून ज्यांना घरातल्या कोणाचेच काही पटत नाही, ते हातातला झाडू टाकून पुढे आले. "पण बाबा, एवढा कायदा हवाच कशाला? डी.एन.ए. खोटं बोलत नाही!"

या वाक्यावर वकीलसाहेबांचा चहा निवला आणि आमची आवराआवर दोन तास लांबली.

चिरंजीवांचे म्हणणे चुकीचे नव्हते. इंग्लंडातल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाला 1984 साली या खुणेचा शोध लागला. एकाच बीजाची जुळी सोडली, तर कोणत्याही दोन माणसांची ही खूण सारखी नसते. त्याच परगण्यात 1983 आणि 1986 साली पंधरा-पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे खून झाले होते. पोलिसांनी एका सतरा वर्षांच्या पोराला धरले आणि दुसऱ्या खुनाची कबुली त्याने देऊनही टाकली. पोलिसांना वाटले, पहिला खूनही यानेच केला असणार; म्हणून त्यांनी जेफ्रीजला त्याचे रक्त तपासायला दिले. उत्तर आले ते उलटेच. दोन्ही खून एकाच माणसाने केले होते, पण तो माणूस हा मुलगा नव्हता! गुन्ह्याच्या तपासात या शास्त्राने केलेले हे पहिले मोठे काम. त्याने कोणाला फासाकडे नेले नाही. कबुली देऊन बसलेल्या एका निरपराध पोराला घरी पाठवले.

"बघा!" चिरंजीव म्हणाले.

"अरे, पुढचं ऐक," वकीलसाहेब म्हणाले. मग पोलिसांनी 1987 साली आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांचे रक्त तपासले. खुणेशी जुळणारा एकही निघाला नाही. कारण खऱ्या खुन्याने आपल्याबरोबर काम करणाऱ्या एकाला गळ घालून आपल्या नावावर रक्त द्यायला पाठवले होते. पुढे तो गडी एका दारूच्या गुत्त्यात ही गोष्ट बोलून गेला, ती एका बाईच्या कानावर पडली आणि खुनी सापडला. 1988 साली त्याला जन्मठेप झाली.

रक्त खरेच बोलले होते. पण बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे नाव खोटे होते. आणि चिठ्ठी लिहायला शास्त्र येत नाही, माणूस येतो.

याहून गमतीची गोष्ट जर्मनीतली. गंमत तरी कशी म्हणावी! हाइलब्रोन शहरात 2007 साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे एका अज्ञात बाईची खूण मिळाली. तीच खूण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसएक ठिकाणी सापडलेली होती. कुठे खून, कुठे घरफोडी. ही कोण महामाया, म्हणून पोलीस दोन वर्षे तिच्या मागे होते. 2009 साली उलगडा झाला, की अशी कोणी बाई नव्हतीच. खुणा टिपायला ज्या कापूस गुंडाळलेल्या काड्या वापरत, त्या तयार करताना एका कामगार बाईचा हात त्यांना लागत होता! चाळीस गुन्ह्यांची राणी म्हणून जिला साऱ्या युरोपात शोधले, ती बिचारी कारखान्यात मान खाली घालून आपले काम करीत होती.

आपल्याकडे हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी ही विद्या रुजवली, आणि त्यांनी या क्षेत्रातली देशी पद्धत उभी केली. 1991 साली राजीव गांधींच्या हत्येच्या तपासातही तिचा उपयोग झाला. पण विद्या आली म्हणून तिच्यासाठी कायदा लगेच येतो असे नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत 2005 साली दुरुस्ती होऊन बलात्काराच्या खटल्यात आरोपीच्या तपासणीत डी.एन.ए. चाचणीचा समावेश झाला. स्वतंत्र कायद्याचे मात्र भोग संपेनात. एक विधेयक 2019 च्या जानेवारीत लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत मंजूर होण्याआधीच लोकसभेची मुदत संपली आणि तेही संपले. त्याच वर्षी ते पुन्हा मांडले गेले, संसदीय समितीकडे गेले, 2021 साली समितीचा अहवाल आला, आणि 2023 च्या जुलैत सरकारने ते मागे घेतले.

"त्या विधेयकात चांगलं बरंच होतं," वकीलसाहेब सांगत होते. "प्रयोगशाळांवर देखरेख करणारं मंडळ होतं. संशयितांची नोंद, गुन्हेगारांची नोंद, यांच्याबरोबर हरवलेल्या माणसांची आणि बेवारस मृतांचीही नोंद होती. ज्यांच्या घरचा माणूस परत आलाच नाही, त्यांना निदान कळलं तरी असतं."

"मग आता काय आहे?" मी विचारले.

आता आहे तो 2022 चा कायदा. बंदिवानांची ओळख पटवण्याचा 1920 सालचा इंग्रजी अमदानीतला कायदा जाऊन त्याच्या जागी हा आला. जुन्यात बोटांचे आणि पावलांचे ठसे, मापे आणि छायाचित्र होते. नव्यात डोळ्यांची बुबुळे आली, सही आली, हस्ताक्षर आले, आणि 'जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण' हेही आले. डी.एन.ए. हे नाव कायद्यात कुठे नाही. पण या पाच शब्दांच्या पोटात ते सुखाने मावते. नुसती अटक झालेला माणूस जैविक नमुना द्यायला नाही म्हणू शकतो. मात्र गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा असेल, किंवा त्याला सात वर्षांहून कमी नसलेली शिक्षा असेल, तर नाही म्हणता येत नाही. आणि ही सारी माहिती दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागात राहायची ती पंचाहत्तर वर्षे!

पंचाहत्तर वर्षे. विशीतल्या पोराची नोंद त्याच्या पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत. आपल्याकडे पितरांचेसुद्धा तीन पिढ्यांपुरतेच नाव घेतात.

"म्हणजे निर्दोष सुटला तरी?" आतून सौभाग्यवतींचा प्रश्न आला. चकल्यांच्या घाण्याकडे लक्ष असूनही त्यांचा एक कान आमच्याकडे होता.

"नाही वहिनी. आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि सगळी अपिलं संपून तो निर्दोष ठरला, तर नोंद नष्ट करायची, असं कायद्यात आहे. न्यायालयाने लेखी कारणं देऊन ठेवायला सांगितली तर गोष्ट वेगळी."

"आपोआप?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "नियमांप्रमाणे तशी विनंती करावी लागते. त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे."

ते ऐकले आणि माझी नजर हातातल्या पिवळ्या कागदाकडे गेली. मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली. चिरंजीवांनी ती कधीच ऐकली नव्हती.

1998 साल. मी वसतिगृहात राहून शिकत होतो. खोलीत आम्ही तिघे. एके दिवशी मी ताप म्हणून वर्गाला गेलो नाही, आणि संध्याकाळी आमच्यातल्या एकाचे मनगटी घड्याळ नाहीसे झालेले आढळले. दुपारभर खोलीत मी एकटा. यापेक्षा जास्त पुरावा कोणाला लागतो? रेक्टरसाहेबांनी लाल कापडी पुठ्ठ्याची नोंदवही काढली आणि माझ्यादेखत माझे नाव लिहून त्यापुढे 'संशयित' असा शब्द लिहिला. घरी पत्र गेले. वडील पोस्टात कारकून होते. ते रात्रीच्या एस.टी.ने आले, माझ्या कॉटवर बसले, आणि बराच वेळ गप्प राहून हलकेच म्हणाले, "खरं सांग बाळ, तू नाही ना?"

आठ दिवसांनी घड्याळ सापडले. धोब्याकडे गेलेल्या पँटीच्या खिशात, ज्याचे घड्याळ त्याच्याच! रेक्टरसाहेब हसले, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि सगळे मिटले असे समजून मीही हसलो. वडिलांना मी सविस्तर पत्र लिहिले. "वाचून आनंद झाला," एवढेच त्यांचे उत्तर आले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

2001 साली एका रात्रशाळेत शिकवायची संधी आली आणि वर्तणुकीचा दाखला हवा झाला. रेक्टर बदलले होते. कारकुनाने लाल नोंदवही काढली, बोट फिरवीत आणले आणि एका ओळीवर थांबवले. "तुमच्या नावापुढे काहीतरी दिसतंय." मी घड्याळाची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "असेल हो. पण इथे तसं लिहिलेलं नाही. अर्ज करा." पंधरा दिवसांनी दाखला मिळाला, तोवर रात्रशाळेतली जागा भरली होती. चूक कोणाची म्हणावी? संशय लिहायला रेक्टरांना अर्धे मिनिट लागले होते. संशय फिटला हे लिहायचे कोणाचे काम, ते त्या वसतिगृहात कोणालाच नेमून दिलेले नव्हते. त्यामुळे ते माझ्यावर आले.

नोकऱ्या काय, पुढे मिळाल्या. वडील आज नाहीत. त्यांच्या मनातली ती ओळ पुरती खोडली गेली होती की नाही, हे मला कधीच विचारता आले नाही.

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग वकीलसाहेबांनीच सांगितले, की इंग्लंडात एका अकरा वर्षांच्या मुलावर जबरी चोरीच्या प्रयत्नाचा आरोप आला, तो निर्दोष सुटला, तरी पोलिसांनी त्याची डी.एन.ए. खूण पुसायला नकार दिला. प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. 2008 साली तिथल्या सतरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की निर्दोष माणसाची खूण अशी सरसकट आणि बेमुदत ठेवणे अन्यायाचे आहे. त्यानंतर 2012 साली इंग्लंडला आपला कायदा बदलावा लागला.

आपल्याकडेही 2025 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला निर्दोष सोडले. डी.एन.ए.चे नमुने कोणी घेतले, कुठे ठेवले, कोणाच्या हातून कोणाकडे गेले, याचा नीट मेळ त्या तपासात नव्हता. न्यायालयाने साऱ्या देशासाठी सूचना दिल्या : नमुना अठ्ठेचाळीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, आणि तो घेतल्यापासून खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारी वही असली पाहिजे.

मला ही सूचना फार आवडली. आजवर वही होती ती माणसावर नजर ठेवणारी. ही वही नमुना हाताळणाऱ्यांवर नजर ठेवणार. मला वाटते, उद्या कधी स्वतंत्र कायदा झाला, तर त्यात एवढे दोनच मुद्दे तरी ठसठशीत असावेत. नमुन्याच्या वहीत एकही ओळ सुटता कामा नये. आणि माणसाच्या वहीतले नाव, तो निर्दोष ठरला त्याच दिवशी, ज्याने लिहिले त्यानेच खोडावे. त्यासाठी त्या माणसाला कोणाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागू नये. ज्या आईची मुलगी गेली, तिला खुनी सापडायला हवाच, आणि त्यासाठी हे शास्त्रही हवेच. पण ज्या बापाने रात्रीच्या गाडीने येऊन आपल्या मुलाला तो प्रश्न विचारला, त्यालाही स्वच्छ उत्तर मिळायला हवे.

वकीलसाहेब उठले. "नोंदवही हाच शब्द घेतो," म्हणाले आणि चार गरम चकल्या घेऊन गेले.

चिरंजीव ट्रंकेपाशी बसून कागदांचे दोन ढीग करू लागले होते. पिवळा कागद त्यांनी उचलला, उलगडून वाचला, आणि मला विचारले, "बाबा, हा कुठल्या ढिगात?"

मी उत्तर देणार तोच सौभाग्यवती पदराला हात पुशीत बाहेर आल्या. त्यांनी तो त्याच्या हातून घेतला, पुन्हा होती तशी घडी घातली आणि आपल्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवून दिला.

यंदा प्रथमच आमच्या पक्षाला दुसरे मत मिळाले.