माझ्यासाठी थांबलेली माणसं

मोखाड्यात कबड्डीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि नेमकी त्याच वेळी माणसं गाव सोडतात. भात झोडून झालं, नागली-वरई घरात आली, की पाड्यापाड्यावर वीटभट्टीवाल्यांच्या गाड्या लागतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या भट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. बहुतेकांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत पाय मोकळे होत नाहीत. जव्हार, खोडाळा, विक्रमगड, वाडा या पट्ट्यात गावोगाव सामने लागतात तेव्हा आमच्या संघातली निम्मी पोरं कुठंतरी विटा थापत असतात.

त्यामुळे सात जणांचा संघ कसा उभा करायचा, हा आमच्याकडे आधी पोटाचा प्रश्न असतो आणि मग खेळाचा. त्याचं एक उत्तर तयारच आहे. बाहेरचे खेळाडू आणायचे. पालघर-वसईकडचा एखादा नावाजलेला चढाईपटू एका दिवसाच्या बोलीवर येतो. गाडीभाडं, जेवण आणि ठरलेली रक्कम दिली की तो आपल्या मंडळाचा बनियन घालतो आणि संध्याकाळी चषक आपल्या गावात येतो. दुसरं उत्तर आपल्या पोरांसाठी थांबण्याचं. ते जड जातं, कारण थांबायचं तर तोवर हरावं लागतं. मी उभा राहिलो तो या दुसऱ्या उत्तरावर, आणि ज्यांनी ते माझ्यासाठी निवडलं त्यांचं देणं मला इथं मांडायचं आहे.

पहिलं देणं सरांचं. ते सांगली जिल्ह्यातून आमच्या आश्रमशाळेत आले होते. दिवसा गणित शिकवायचे, संध्याकाळी मैदानावर असायचे. मैदान म्हणजे शाळेमागची मुरमाड जागा. आम्ही दगड वेचले, माती चाळून अंथरली, पाणी मारून चोपली आणि चुन्यानं रेषा आखल्या. प्रत्येकाला चढाई करायची असे. मी सहावीतला किडकिडीत पोर, मला त्यांनी डाव्या कोपऱ्यात उभं केलं आणि कितीतरी महिने कुणाचा घोटा धरूच दिला नाही. फक्त चढाईपटूच्या पायांकडे बघायचं. मी कंटाळलो की म्हणायचे, ‘‘घोटा धरायला एक क्षण लागतो रं. कधी धरायचा नाही, हे कळायला वर्षं जातात.’’

आठवीत असताना आई आजारी पडली. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते आणि काम जोडीनं धरलेलं असतं. आईच्या जागी जोडीला मी गेलो. घरात त्यावर चर्चा झाली नाही, तसा पर्यायही नव्हता. इकडे प्रकल्पस्तरावरच्या आश्रमशाळांच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. डाव्या कोपऱ्यासाठी दुसऱ्या शाळेतल्या एका दांडग्या पोराला आपल्याकडे नाव घालायला लावावं, असं सगळ्यांनी सुचवलं. पोरगा तयार होता. सरांनी ते केलं नाही. माझ्या जागी आलटून पालटून लहान पोरांना खेळवलं आणि त्या वर्षी शाळा पहिल्याच फेरीत हरली.

हे मला नंतर कळलं. मला माहीत आहे तो त्याच हिवाळ्यातला एक रविवार. सर एसटी बदलत बदलत भट्टीवर आले. बापाला वाटलं, आता मास्तर बोल लावणार. तो साचा हातात घेऊन नुसताच उभा राहिला. सर खाली बसले, कोरा चहा प्यायले, आईच्या तब्येतीची चौकशी केली, उचल किती उरली ते विचारलं. उठताना एवढंच म्हणाले, ‘‘पोराची जागा ठेवलीय. हिशेब फिटला की पाठवा.’’ शिक्षणाचं महत्त्व वगैरे त्यांनी काही सांगितलं नाही. ते बापाला कळत होतंच. त्याला हवा होता तो मान, आणि तो सरांनी दिला.

भट्टी बंद व्हायच्या खूप आधी बापानं मला गावाकडच्या गाडीत बसवलं. माझ्या वाटच्या विटा त्यानं रात्री थापल्या. हे दुसरं देणं. सरांचा धीर लोकांना दिसला, कारण शाळा हरली. बापाचा कुणाला दिसला नाही.

तिसरं देणं आमच्या मंडळाच्या कारभाऱ्यांचं, म्हणजे गावातल्या थोरल्या काकांचं. मी शाळा सोडून मंडळाकडून खेळायला लागलो तेव्हा आसपासच्या मंडळांत बाहेरचे खेळाडू आणायची चढाओढ लागली होती. आमच्याकडेही वर्गणी जमली आणि देवळासमोर बैठक बसली. तरुणांचं म्हणणं रास्त होतं. दरवर्षी हरून लोक हसतात, एकदा तरी जिंकू, दोन चांगले चढाईपटू आणू. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ते सांजचे निघून गेले म्हंजे उद्या आपल्याकडे काय राहील?’’ मग ते पैसे चणे-गूळ, अंडी आणि भट्टीवर गेलेल्या पोरांच्या एसटीभाड्यावर खर्च झाले. शनिवारी पोरगं येणार, रविवारी खेळणार, रात्री परत जाणार. येण्याजाण्याचं भाडं मंडळाचं. आम्ही तरीही हरत राहिलो आणि काका दर सामन्याला येत राहिले. हरणाऱ्या संघाच्या बाजूला वर्षानुवर्षं बसणं ही सोपी गोष्ट नाही. पैसा त्यांनीही खर्च केला, पण तो पोरं टिकावीत म्हणून.

चौथं देणं ज्याचं आहे, तो समोरच्या संघातून खेळत होता. पैसे घेऊन आलेला, बाहेरचा. त्यानं आमच्यावर लोण चढवला आणि मला एकदाही घोटा मिळू दिला नाही. सामना संपल्यावर पाण्याच्या पिंपाजवळ तो आपणहून माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘तू घाई करतोस. मी बोनसला गेलो की माझा मागचा पाय हवेत येतो. तेव्हा मी एका पायावर असतो. तेवढं थांब.’’ सर सांगत होते तेच हे. मी विचारलं, कुणी शिकवलं? ‘‘गावाकडं एक मास्तर होते.’’ आठवडाभर तो भिवंडीच्या गोदामात हमाली करायचा आणि रविवारी मिळेल त्या मंडळाकडून खेळायचा.

त्या दिवसापासून बाहेरच्या खेळाडूंबद्दलचा माझा राग गेला. माझा बाप उचल घेऊन एका हंगामापुरता भट्टीला बांधला जायचा, हा रक्कम घेऊन एका दिवसापुरता मंडळाला. दोघांच्याही अंगातलं बळ आणि हातातलं कसब कुणीतरी आधीच तयार केलेलं होतं. त्या गावच्या मास्तरानं या माणसासाठी किती हार सोसली असेल कोण जाणे. पैसे मोजणाऱ्या मंडळानं त्या मास्तराचा धीर एका दिवसासाठी भाड्यानं घेतला होता, आणि त्यातला एक रुपयाही मास्तरापर्यंत पोचणार नव्हता.

पुढं मोठे खेळ बघताना हाच विचार माझ्याबरोबर राहिला. प्रो कबड्डी लीग 26 जुलै 2014 ला सुरू झाली आणि सहा दिवसांनी, 1 ऑगस्टला, आमचा पालघर जिल्हा झाला. त्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटण्याच्या संघानं 12 लाख 80 हजारांना घेतलं, तरी आम्ही थक्क झालो होतो. चार वर्षांत बोली कोटीच्या वर गेली. 2018 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईला यू मुंबानं 36 लाख 40 हजारांना घेतलं. पहिल्याच मोसमात त्यानं चढाईचे दोनशेहून जास्त गुण मिळवले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. टायटन्स त्या मोसमात बारा संघांत अकराव्या स्थानावर राहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांनी पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लावली, आणि तळाला राहिले. पवन मोठा खेळाडू आहे, त्यात शंका नाही. पण एकट्यानं चढाई करून परतल्यावर मागं सहा जणांची भिंत लागते, आणि ती लिलावाच्या दोन दिवसांत उभी राहत नाही.

त्याच मोसमात पुणेरी पलटण जिंकली. पलटणनं नवख्या पोरांना हाताशी धरून ठेवलं होतं. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, संकेत सावंत ही नावं लिलावाच्या मथळ्यांतली नव्हती. डिसेंबर 2022 मध्ये अस्लम आणि मोहित दुखापतीनं बाहेर असताना पलटण मुंबईतला अंतिम सामना जयपूरकडून 33-29 अशी हरली. त्यानंतर संघानं आपला महागडा, अनुभवी कर्णधार सोडला, ही पोरं ठेवली आणि अस्लमला कर्णधार केलं. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत त्यांनी हरियाणाला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. याच संघानं इराणच्या शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतलं होतं, हेही सांगायला हवं. पण तो आला तेव्हा संघ उभा होता आणि त्याला नेमकं कुठं उभं राहायचं ते ठरलेलं होतं. काकांनी देवळासमोर मांडलेला हिशेब मला इथं दिसला.

फुटबॉलमध्येही तसंच. मुंबई सिटी या क्लबनं 2014 मध्ये अनेल्का आणि ल्युंगबर्ग अशी जगप्रसिद्ध नावं आणली आणि आठ संघांत सातवं स्थान मिळवलं. पुढच्या वर्षी सुनील छेत्रीवर 1 कोटी 20 लाख लावले, संघ सहावा आला. अखेर 2020-21 मध्ये त्यांनी साखळीही जिंकली आणि चषकही. तेव्हा प्रशिक्षक होते सर्जिओ लोबेरा, आणि बुमूस, फॉल, जाहू, मंदार राव देसाई हे सगळे त्यांच्या हाताखाली एफसी गोवाकडून खेळलेले. पैसा मुंबईचा होता, घडण गोव्याची.

याच्या उलटी कथा प्रशिक्षक खालिद जमीलची. 2009 पासून त्यानं तुटपुंज्या पैशांवर मुंबई एफसीला आय-लीगमध्ये तगवून धरलं. 2016 मध्ये तो आणि क्लब वेगळे झाले. तो मिझोरमच्या आयझॉलकडे गेला, आणि आशुतोष मेहता, जयेश राणे हे त्याच्या हाताखाली खेळलेले गडी तिथंही त्याच्यासोबत होते. आदल्या वर्षी आयझॉल खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, मग त्याला पुन्हा आत घेण्यात आलं. त्याच आयझॉलनं 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये बरोबरी साधून आय-लीग जिंकली. मुंबई एफसी त्याच मोसमात शेवटची आली आणि पुढं तो क्लबच राहिला नाही. एका माणसाचा धीर एका गावातून उठून दुसऱ्या गावात गेला, तर मागं काय उरतं ते या एका मोसमानं दाखवलं.

म्हणून संघ बांधताना पैसा वाईट की चांगला, हा वाद मी घालत नाही. मी एवढंच विचारतो की ज्याची किंमत लागते आहे त्याच्यासाठी आधी कोण थांबलं होतं? लिलावात खेळाडूचा भाव ठरतो. थांबणाऱ्याच्या नावानं बोली लागत नाही. त्याची हार आणि तुटपुंज्या पगारातून काढलेलं एसटीभाडं कुठल्याच वहीत नसतं. तो हिशेब फक्त ज्याच्यासाठी थांबलं गेलं त्यालाच माहीत असतो, आणि तो त्यानंच सांगायचा असतो.

सर निवृत्त होऊन सांगलीकडं गेले. गुरुपौर्णिमेला मी फोन करतो तेव्हा ते जिंकलात का, असं कधी विचारत नाहीत. ‘‘भट्टीवरनं किती पोरं परत आली?’’ असं विचारतात. आता गावच्या मुला-मुलींना मी शिकवतो. दिवाळीनंतर संघ अजूनही अर्धा होतो. मंडळाच्या वहीत पहिली रक्कम आजही गाडीभाड्याची आणि खाण्याची असते, चषक-बनियनांची त्यानंतर. एखादी मुलगी आईबापांबरोबर भट्टीवर गेली तर तिच्या घरच्यांना मी तेच सांगतो, जे सरांनी माझ्या बापाला सांगितलं. तेवढ्यात एखादा सामना जातो, कधी अख्खा हंगाम जातो. तरुण कार्यकर्ते वैतागतात, आणि त्यांचं वैतागणं मला समजतं. पण जागा मी भरत नाही. सर, काका आणि बाप यांचं देणं त्यांना परत करण्याची सोय नाही. ते पुढच्या पोरापोरींकडे पोचवायचं, आणि ते करताना हरायची तयारी ठेवायची, एवढंच माझ्या हातात आहे आणि ते मी करत राहणार आहे.