साळ आणि तांदूळ

कामचुकार माणूस आजचे काम उद्यावर टाकतो ते आळसाने, आणि सचोटीचा माणूस टाकतो ते नीटपणाच्या हौसेने. पहिल्याला निदान काम राहिल्याची टोचणी असते. दुसऱ्याला मात्र आपण ते काम जपून ठेवले आहे असेच वाटत राहते. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढूनही ही गोष्ट मला कचेरीत उमगली नाही. ती उमगली एका हौसेच्या उद्योगात, आणि तिची किंमतही तेथेच मोजावी लागली.

माझी बदली येथे प्रथम २०१८ साली झाली. मध्ये एकदा दुसरीकडे जाऊन मी पुन्हा येथेच आलो. तोवर या गावाला सारे 'नया रायपूर' म्हणत. पुढे त्याचे 'नवा रायपूर अटलनगर' झाले. 'नवा' हा शब्द छत्तीसगडीतला, परंतु मराठी माणसाला तो आपलाच वाटतो. परक्या मुलखात फलकावर घरचा शब्द दिसावा, हे सुखही काही लहान नाही. छत्तीसगड राज्य २००० साली झाले आणि २०१२ मध्ये मंत्रालय जुन्या शहरातून येथील महानदी भवनात आले. रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये. सायंकाळी कचेऱ्यांच्या बसगाड्या जुन्या रायपूरकडे निघून गेल्या की दिव्यांच्या रांगा उरतात आणि त्यांच्याखाली आमच्यासारखे काही बिऱ्हाडकरू. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब पुण्यास राहिलेले. अशा एकटेपणात माणूस पत्ते खेळतो किंवा देवाला लागतो. मी कॅमेरा घेतला.

दर रविवारी सकाळी सेंध तलावाच्या काठी जावे, थंडीत उतरलेले पाणपक्षी टिपावेत, कधी जंगल सफारीकडे वळावे, असा क्रम सुरू झाला. एका जाणत्या स्नेह्याने पहिल्याच आठवड्यात सल्ला दिला, "टिपायचे असेल तर कच्चे टिपा. पिकवणे मागाहून आपल्या हाती." कॅमेऱ्याच्या भाषेत या कच्च्या फाईलला रॉ म्हणतात. ज्यांना या विद्येची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे भाग आहे.

कॅमेऱ्याच्या भिंगामागे जो संवेदक असतो त्यावर कोट्यवधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घर उजेड मोजते. रंग त्याला कळत नाही. म्हणून घराघरावर तांबडी, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची. तिचे पेटंट १९७६ सालचे. निम्मी घरे हिरवी, पाव तांबडी आणि पाव निळी, कारण माणसाच्या डोळ्याला हिरव्या उजेडातले बारकावे अधिक कळतात. अर्थात प्रत्येक घराला एकाच रंगाची खबर असते. उरलेल्या दोहोंचा अंदाज शेजाऱ्यांना विचारून करावा लागतो. जेपेग नावाची नेहमीची फाईल मागितली तर कॅमेरा हा अंदाज स्वतःच करतो, रंग ठरवतो, नको वाटेल ते टाकून देतो आणि तयार चित्र हाती ठेवतो. रॉ मागितली तर तो नुसती मोजणी लिहून देतो. माझा कॅमेरा प्रत्येक घरातला उजेड १६,३८४ पायऱ्यांनी मोजतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या उरतात. म्हणजे रॉ हे अद्याप चित्र नव्हेच. तो पुरावा आहे. निकाल व्हायचा आहे.

हा भेद मला नीट समजला तो येथील शेतांमुळे. छत्तीसगडला 'धान का कटोरा' म्हणतात. आपल्या विदर्भातही 'धान' हाच शब्द आहे. आमच्या नगर जिल्ह्यात, अकोल्याच्या डोंगराकडे, 'साळ' म्हणतात. सुगी झाली की येथील खरेदी केंद्रांवर धानाच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. साळ तुसासकट असते म्हणून टिकते आणि पुन्हा पेरता येते. एकदा कांडून तांदूळ केला की तो पेरता येत नाही. रॉ म्हणजे साळ, जेपेग म्हणजे तांदूळ, असे समीकरण मी मनाशी मांडले आणि त्यावर खूष होऊन साळीची कोठारे भरू लागलो. चार वर्षांत १९,००० फाईली झाल्या. एकेक पंचवीस एमबीची, म्हणजे एकूण जवळजवळ अर्धा टेराबाईट. त्या साऱ्या एका हार्ड डिस्कवर सुखाने नांदत होत्या. कांडणी मात्र व्हायची होती.

जानेवारी २०१९ मध्ये आई आणि बाबा येथे आले होते. नगरहून आझाद हिंद एक्सप्रेसने बसले आणि दुसऱ्या दिवशी रायपुरास उतरले. बाबा संगमनेरच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. महाराष्ट्राच्या महसुली खात्यात ज्यांनी उमेदवारी केली असेल त्यांना सहा गठ्ठ्यांची पद्धत सांगावयास नको. नगरचे इंग्रज जिल्हाधिकारी अँडरसन यांनी ती घालून दिली, आणि त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले तरी गठ्ठे सहाच आहेत: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडावयाचे, आणि नाश करावयाचे. बाबांनी घरातली विजेची बिलेसुद्धा याच शिस्तीत लावली होती. माझ्या संगणकावरच्या फाईलींची रांग त्यांनी चष्मा पुसून पाहिली आणि विचारले, "या सगळ्या कुठल्या गठ्ठ्यात?"

"प्रलंबित," मी म्हणालो.

"बाकीचे पाच?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुरखौती मुक्तांगणात गेलो. छत्तीसगडच्या आदिवासी जीवनाचे ते सुरेख प्रदर्शन राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते २००६ साली उघडले. दुपार कलली होती. बाबा एका झाडाच्या पारावर बसले. पाठीशी उन्हाने पेटलेले आकाश, डोक्यावर पांढरी टोपी, चेहरा पूर्ण सावलीत. आकाश पांढरे पडू नये म्हणून मी उजेड कमी धरला. कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र दाखवले तेव्हा बाबा म्हणाले, "तोंड काळे आले आहे." मी म्हणालो, "काळजी नको. त्या काळ्यात सगळे आहे. नंतर उजळून काढतो."

हे मी खोटे सांगितले नव्हते. फार उजेडाने जो भाग पांढरा पडतो त्यात काही उरत नाही. परंतु अंधाऱ्या भागात रॉ पुष्कळ काही राखून ठेवते. सावलीतला चेहरा उजळणे हे घरी बसून पाव तासाचे काम होते.

तो पाव तास मला पुढे चार वर्षे मिळाला नाही. आधी चांगला पडदा घ्यावयाचा होता, म्हणजे रंग खरे दिसतील. पडदा आला, तर त्याचे रंग जुळवून घेणे राहिले. मग एका सॉफ्टवेअरपेक्षा दुसरे बरे असे ऐकले आणि ते शिकण्यात एक उन्हाळा गेला. २०२१ मध्ये बाबा गेले. आईने दूरध्वनीवर विचारले, "अरे, त्या झाडाखालचा यांचा फोटो होता ना?" मी म्हणालो, "आहे. मोठा करून, चौकटीत घालून आणतो." मोठा करावयाचा, तर आणखी नीट करावयास हवा. आई दर दोन महिन्यांनी विचारी. पुढे विचारीनाशी झाली. दरम्यान तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता.

२०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री डिस्क टकटक वाजू लागली आणि सकाळी गप्प झाली. दुसरी प्रत नव्हती. जुन्या रायपुरातील एका कारागिराने तीन आठवडे खटपट करून काही फाईली परत मिळवून दिल्या. त्यांतल्या बऱ्याच वरून चित्र आणि खालून जांभळे पट्टे अशा निघाल्या. बाबांच्या फाईलीत पारामागचे आकाश शिल्लक होते. बाबा पट्ट्यांत गेले होते.

रॉ फाईलीच्या पोटात एक लहानसे जेपेगही असते. कॅमेऱ्याच्या पाठीवर आपण पाहतो ते तेच. कारागिराच्या सांगण्यावरून शोध केला तेव्हा ते जेपेग धडधाकट सापडले. पारही आहे, टोपीही आहे, गुडघ्यावर ठेवलेला हातही आहे. चेहरा काळा आहे. तो उजळू गेले की राखेसारखे ठिपके येतात; २५६ पायऱ्यांतल्या खालच्या चारदोन पायऱ्यांवर सारा चेहरा दाटीवाटीने उभा आहे, त्याला उलगडावयास जागा नाही. "त्या काळ्यात सगळे आहे" असे मी ज्या काळ्याविषयी म्हणालो होतो, ते हे काळे नव्हे.

तेच चित्र छापून मी संगमनेरास घेऊन गेलो. मोठे, चौकटीतले. आईने ते जवळ घेतले, दूर धरले, मान इकडेतिकडे फिरवली. काचबिंदू कडेची दृष्टी आधी नेतो. समोरचे तेवढे, जणू नळीतून, दिसत राहते. चौकट तिच्या नजरेत मावत नव्हती. "एवढे मोठे कशाला केलेस?" ती म्हणाली. "कार्डाएवढे असते तर पुरले असते." मग बोटाने चाचपीत ती गुडघ्यापर्यंत आली. "हात असाच ठेवायचे. टेकवत नसत, नुसता ठेवायचे." चेहऱ्याविषयी ती काही बोलली नाही. दिसला नाही म्हणून, की मला लागेल म्हणून, हे मी विचारले नाही.

कार्डाएवढे चित्र! त्यासाठी पडद्याचे रंग जुळवावयास नको होते, सॉफ्टवेअरही शिकावयास नको होते. त्याच आठवड्यात पाव तास बसून सावली थोडी उजळली असती तर तिच्या उशाशी दोन वर्षे ते राहिले असते, आणि तिला चेहराही दिसला असता. साळ पेरता येते हे खरे. पण साळ शिजवून कोणाच्या पानात वाढता येत नाही, ही गोष्ट समीकरण मांडताना माझ्या ध्यानात आली नव्हती.

परत आल्यावर मी बाबांचे गठ्ठे बांधावयास घेतले. आता रविवारी टिपलेले त्याच रात्री चाळतो. डोळे मिटलेले, हललेले, दहांत नऊ एकसारखे असलेले पक्षी हे 'ड' वर्गात. ते महिन्याने नाश पावतात. पहिल्यांदा खोडताना हात थरथरला, पण ज्याने सारेच ठेवले त्याने काहीच निवडले नाही, हे पटत गेले. निवडलेल्यांना तारीख, गाव आणि माणसांची नावे लागतात. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात कोणाला नाव विचारावयाचे आहे एवढीच चित्रे. उजळणे, कातरणे यांची नोंद मूळ फाईलीत होत नाही. ती शेजारच्या छोट्या फाईलीत राहते. सरकारी नस्तीत टिप्पणी एका बाजूस आणि मूळ पत्र दुसऱ्या बाजूस असते, तसेच. मूळ पत्रावर कोणी खाडाखोड करीत नाही.

अभिलेखात धाडताना फाईलीची लिपीही पाहतो. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी: कोणाची एनईएफ, कोणाची सीआर३, कोणाची एआरडब्ल्यू. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल आहेत आणि मोडी वाचणारे थोडे; कागद शाबूत असूनही मुका राहतो. तसे होऊ नये म्हणून अडोबी कंपनीने २००४ मध्ये डीएनजी नावाची, जिचे नियम सर्वांना खुले आहेत अशी, एक समान लिपी काढली. डेव्ह कॉफिन या एकट्या गृहस्थाने तर १९९७ पासून डीसीरॉ नावाचा छोटा प्रोग्राम लिहून शेकडो कॅमेऱ्यांच्या लिप्या सोडवल्या आणि विनामूल्य वाटल्या. मी जुन्या कॅमेऱ्याच्या फाईली डीएनजीत उतरवून ठेवतो. नव्याच्या मुळातच राहू देतो. प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. ही दुसऱ्या गावची प्रत संगमनेरास, बाबांच्या कपाटात असते.

आणि कांडणी. दर रविवारी वीस चित्रे तांदूळ करून टाकतो, मनाजोगी होवोत वा न होवोत. पुढे हात सुधारला तर साळ आहेच, पुन्हा कांडता येईल. त्यांतली दोन पोस्टकार्डाएवढी छापून, मागे ठळक अक्षरांत नावे लिहून, टपालाने आईस पाठवतो. ती ती दिव्याखाली, अगदी नाकासमोर धरून पाहते आणि दूरध्वनीवर परीक्षण करते. मागच्या खेपेचा बगळा तिला आवडला नाही, नातवाचा आवडला.

बाबांच्या त्या फाईलीचे काय करावे हे अजून ठरलेले नाही. नियमाप्रमाणे ती अर्धी, निकामी फाईल नाशाच्या गठ्ठ्यात जावयास हवी. दोनदा तेथे ठेवली आणि दोनदा बाहेर काढली. सध्या ती प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात आहे, आणि तिच्यावरची नोंद बाबांनी नक्कीच तपासली असती. प्रलंबित गठ्ठ्यात आज ४१२ चित्रे उरली आहेत. येत्या रविवारी ३९२ होतील.